समुपदेशक नेमला, पण गोळीचे काय?

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत देशभरातील शैक्षणिक संस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी भेदभावरहित कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना हवे, असे त्यात आहे. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर आपण रस्त्यावर उतरून जे मागत होतो, त्यातले थोडे तरी कागदावर आले.

पण समुपदेशक औषध लिहून देत नाही. तो डॉक्टरकडे पाठवतो, आणि त्यानंतरच्या प्रवासाबद्दल आपल्यात कुणीच बोलत नाही. नैराश्यावरची औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही एकाची चिठ्ठी दाखवून दुसऱ्यासाठी पाकीट आणणे, मित्राची अर्धी स्ट्रिप मागून घेणे हे चालते.

मिलिग्रॅमच्या आकड्याने तर फारच गोंधळ होतो. एस्सिटालोप्रामचा प्रौढांसाठी नेहमीचा डोस 10 मिलिग्रॅम आणि वरची मर्यादा 20. वयस्कर माणसाला 10 च्या वर सहसा देत नाहीत. सर्ट्रालिन मात्र 50 पासून सुरू होते आणि गरजेनुसार 200 पर्यंत जाते. म्हणजे मित्राची ‘पन्नासची’ गोळी तुमच्या ‘दहाच्या’ गोळीपेक्षा पाचपट जोरदार नसते. ही दोन वेगळी औषधे आहेत, त्यांची तुलनाच होत नाही.

दुसरी अडचण वेळेची. मळमळ, डोकेदुखी, झोप बिघडणे हा त्रास पहिल्या काही दिवसांतच होतो. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘गोळीने उलट बिघडले’ म्हणून सोडणारे आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणून स्वतःच दोन घेणारे, दोघेही याच आठवड्यांत चुकतात. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये या औषधांवर सर्वात कडक इशारा छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला: सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. आमचे बहुतेक वाचक याच वयाचे आहेत. याचा अर्थ औषध टाळा असा नाही. एक-दोन आठवड्यांत डॉक्टरला पुन्हा भेटा, आणि खोलीतल्या एका तरी विश्वासू मित्राला सांगून ठेवा. तसे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे जा. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

इतर औषधांचेही सांगायला हवे. वस्तीत औषधांना न जुमानणारा क्षयरोग असेल, तर त्यावरच्या उपचारात लिनेझोलिड असते. ते किंवा दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल या गोळ्यांसोबत गेले तर ताप, थरथर, गोंधळलेपण असा गंभीर त्रास होऊ शकतो. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने तोच डोस चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम थांबवले की चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे होते. ते व्यसन नव्हे. दहा दिवसांच्या शिबिराला जायचे म्हणून गोळ्या घरी ठेवणारेही असतात. अर्जात औषध खरे लिहावे आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबू नये.

मात्र गोळ्या मध्येच थांबल्या की रुग्णाच्या बेफिकिरीकडे बोट दाखवणे आम्हाला मान्य नाही. तालुक्याला औषध नाही, जिल्ह्याला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. मग डोस तुटतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 18 सांगते की आवश्यक यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम मोफत मिळाली पाहिजेत. आपल्याकडे ते केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. फ्लुओक्सेटिन आणि एस्सिटालोप्राम दोन्ही राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात एकच अर्ज करावा: गेल्या बारा महिन्यांत ग्रामीण रुग्णालयात या दोन औषधांचा साठा कोणकोणत्या महिन्यात शून्य होता? शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तरे आली की आमच्याकडे पाठवा, आम्ही तालुकावार छापू.