सेवेकऱ्यांची सुटी आणि आपली कुजबुज

पंडिता रमाबाईंच्या केडगावी परदेशी सेवक येऊ लागले, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. आजही साठी उलटलेले कित्येक जण पदरमोड करून आपल्या मिशनांत राबायला येतात. त्यांनी एक दिवस सुटी घेऊन, कुरकुंभचे कारखाने मागे टाकत, भिगवणला रोहित पक्षी पाहायला जावे, की आपली कुजबुज सुरू : 'हे सेवेला आलेत की सहलीला?'

हा प्रश्न मला क्षुद्र वाटतो. दमून परतलेल्या प्रेषितांना खुद्द प्रभूनेच एकांतात विसाव्याला बोलावले होते (मार्क ६:३१). आणि भिगवणला दिसते तरी काय? १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी. त्याखाली गावे गेली, काळी जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी पुरेसे ओसरले तर पळसदेवचे जुने देऊळ वर येते. ज्यांच्यात राहायचे त्यांचे दुःख पाहणे ही चैन, आणि औषधाच्या पुड्या बांधणे तेवढी सेवा?

कुरकुरणाऱ्यांपैकी सोबत जाऊन हे किती जणांनी समजावून सांगितले? आपण त्यांना हारांनी आणि भाषणांनी दमवतो, अन् फिरायला मात्र भाड्याच्या गाडीत एकटे धाडतो.