दोष मशीनचा नाही, चुकलेल्या ठेक्याचा

खामगावहून शेगावला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या आजींनी पदर सारून गळ्याच्या हाडाखालचा काड्यापेटीएवढा उंचवटा दाखवला. "मशीन बसवली तवापासून गळ्यात धडधडते, चक्कर येते. अंगातले हार्मोन बिघडवले म्हंतात तिनं."

हा समज मी आधीही ऐकला आहे, आणि त्यापायी पेसमेकर टाळणारी माणसंही पाहिली आहेत. तो खोडून काढलाच पाहिजे. पेसमेकर हृदयाच्या स्नायूला विजेची हलकी टोचणी देतो, बस्स. थायरॉइडला किंवा स्वादुपिंडाला त्या विजेचा स्पर्शही होत नाही.

पण "हार्मोनचा काहीच संबंध नाही" म्हणणारेही चुकतात. हृदय स्वतःच एक ग्रंथी आहे. १९८१ मध्ये कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड यांनी हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठपाणी भराभर बाहेर पडलं. त्या अर्कातलं संप्रेरक म्हणजे एएनपी. वरचा कप्पा ताणला की ते रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात.

आता आजींच्या गळ्याकडे पाहा. एकच तार खालच्या कप्प्यात असली, तर तो आपल्याच ठेक्यावर चालतो. वरचा कप्पा आकसतो तेव्हा मधली झडप कधी कधी बंद असते. रक्त उलटं मानेच्या शिरांत उसळतं, वरचा कप्पा ताणला जातो, एएनपी वाढतं, रक्तदाब उतरतो. यालाच पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. दोन तारांनी दोन्ही कप्प्यांचा क्रम जुळवला की एएनपी खाली येतं. अमेरिकेतल्या 'मोस्ट' चाचणीत (२००२) एका कप्प्याच्या पेसिंगवरच्या १८.३ टक्के रुग्णांना हा त्रास इतका झाला की दोन कप्प्यांचं पेसिंग सुरू करावं लागलं. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. आणि वरचा कप्पा कायमचाच थरथरत असेल, तर एक तारच योग्य.

उलट, हार्मोनमुळे नाडी मंदावते, हे खरं आहे. थायरॉइड कमी पडलं की ठोके कमी होतात. तेव्हा मशीन बसवण्याआधी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी केली पाहिजे.

पेसमेकरचं कार्ड जवळ ठेवा. गळ्यात धडधड, चक्कर, थकवा असेल तर मशीनला शिव्या देत घरी बसू नका. अकोल्याला जा, छत्रपती संभाजीनगरला जा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा: तार एक की दोन, आणि ठेका जुळवून देता का?