तांब्याचा पत्रा, तपकिरी कागद आणि जलरेषेखालचा सांधा

१/ ‘तळाला तांबे ठोकले आणि ब्रिटिश आरमार अजिंक्य झाले’ ही कथा समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ती खोटी नाही, पण अर्धवट आहे. वगळलेला भाग जलरेषेखालच्या सांध्यांचा आहे आणि आजही नावेच्या तळाला भोक पाडून फिटिंग बसवणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

२/ १७६१ मध्ये ‘एचएमएस अलार्म’ या फ्रिगेटच्या तळावर तांब्याचे पत्रे बसवले गेले. लाकूड पोखरणारा सागरी किडा रोखावा आणि तळाला शेवाळ धरू नये, हा हेतू. जहाज वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात जाऊन आले.

३/ १७६३ च्या पाहणीत तांबे शाबूत होते. ते धरून ठेवणाऱ्या लोखंडी खिळ्यांचा मात्र अनेक ठिकाणी गंजाचा लगदा झाला होता. जे खिळे टिकले, त्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता!

४/ समुद्राच्या खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि लोखंड स्वतः झिजून तांब्याला वाचवते. कागदाने तो स्पर्श तोडला होता.

५/ यातून घ्यायचा धडा ‘धातू बदला’ हा होता. नौदलाने घेतला तो ‘मधला थर सुधारा’ हा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या घाईत ताफ्यावर सर्रास तांबे चढले, आत बोल्ट लोखंडीच राहिले आणि सारी भिस्त कागद व लेपांवर ठेवली गेली. पाणी आत झिरपलेच. अखेर १७८० च्या दशकात तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट स्वीकारावे लागले.

६/ माझा आक्षेप इथेच आहे. ‘सर्वांत मजबूत सीलंट कोणते?’ असे विचारणारा आजचा नौकामालक त्याच अधिकाऱ्यांची चूक गिरवत असतो. सीलंटचे काम पाणी अडवण्याचे आहे. चुकीच्या धातूचे पाप ते झाकते, धूत नाही.

७/ साध्या पितळेतील जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जाते आणि उरतो तो ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा. स्टेनलेस स्टीलचे संरक्षक कवच टिकायला प्राणवायू लागतो. सीलंटखाली साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही आणि धातू नजरेआड कुरतडला जातो. म्हणून आधी योग्य कांसे निवडा, मगच नळी हाती घ्या.

८/ नंतरचा प्रश्न: हा सांधा पुन्हा उघडावा लागेल का? पॉलियुरेथेनची पकड इतकी चिवट असते की फिटिंग काढताना तळाचाच थर उखडू शकतो. पॉलिसल्फाइड लवचीक राहते, पाण्याखाली टिकते. मात्र ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट यांसारख्या प्लास्टिकला ते अपाय करते. सिलिकोनची पकड जलरेषेखाली भरवशाची नसते आणि त्याच्या अवशेषावर दुसरे काही नीट चिकटत नाही.

९/ ‘कायमचे’ या शब्दाला भुलू नका. पाण्याखालचा जो सांधा उघडून तपासता येत नाही, त्याची खरी अवस्था तो फुटल्यावरच कळते. अलार्मचे खिळे निदान तपासले गेले. त्या पाहणीचा अर्थ लावण्यात मात्र आरमाराने वीसेक वर्षे घालवली.

(समाप्त)