मंडईची रात्र गावाची राहू द्या



दिवाळीनंतरचा कार्यक्रम ठरवायला जिल्हा बैठकीत बसलो की कोणीतरी वैतागून म्हणतोच, "आता होळीपर्यंत काही खरे नाही. लोक नाटकात गुंग." सभेला माणूस मिळत नाही, निवेदनावर सही मिळत नाही, आणि त्याच गावात रात्री हजार माणूस कांबळे पांघरून पहाटेपर्यंत बसून राहतो. शिकलेल्या लोकांचा निवाडा त्याच्याही पुढचा. सोसायटीचे कर्ज थकलेले, धानाचा चुकारा अडकलेला, आणि हे लोक तिकीट काढून नाटक पाहतात! याला उधळपट्टी नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

हा निवाडा आम्हाला मान्य नाही. मंडई आणि नाटक हे धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या पैशावर, कोणाचे अनुदान न घेता उभे केलेले काम आहे. अशी कामे आपल्याकडे किती आहेत ते बोटावर मोजा. म्हणून ते जपले पाहिजे. पण जपायचे म्हटले तर ते आज कोणाच्या हातात चालले आहे, याचाही हिशेब मांडला पाहिजे. तेवढ्यासाठी हा लेख.

धानाचा आणि नाटकाचा हंगाम एकच

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडया भरू लागतात. गोवारी बांधव ढाल घेऊन निघतात. दिवसा दंडार, खडी गंमत. पुढे शंकरपट. आणि रात्री नाटक. दहाच्या सुमारास नांदी होते आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा कोंबडे आरवलेले असते.

हे सारे याच दिवसांत का, ते शेतीचे गणित पाहिले की कळते. हलके धान दिवाळीच्या आसपास कापून होते, मध्यम धान कार्तिकात, भारी धान मार्गशीर्षात. कापणी, बांधणी, पुंजणे, मळणी असे काम सरकत जाते. बैल मोकळे होतात, बांधी कोरडी पडते, हात रिकामे होतात. त्याच कोरड्या बांधीत मंच उभा राहतो. कित्येक गावांत प्रेक्षकांची जागा खणून खोलगट करायची आणि निघालेल्या मातीचाच मंच रचायचा, अशी रीत होती. नाट्यगृह बांधून द्या असा अर्ज घेऊन कोणी जिल्ह्याच्या गावी गेले नाही.

या दिवसांत लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. बाहेरच्याला ती निव्वळ करमणूक वाटते. गावाला माहीत असते की वर्षाची गाठभेट, देणेघेणे, रुसवेफुगवे, सारे याच आठवड्यात उरकायचे आहे.

यावर पोटही चालते. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, हे या धंद्याचे केंद्र. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या तिथे, करार तिथे, तारखा तिथे. नट, नटी, तबलजी, ऑर्गनवाला, पडदे रंगवणारा, पडद्याआडून वाक्ये पुरवणारा, शामियानेवाला, भजी-चहाची दुकाने, शेतात काम नसते त्या महिन्यांत इतक्या हातांना काम मिळते. २०२० साली कोरोनाने हंगाम बसला तेव्हा यांतली किती चूल विझली, ते आपण सर्वांनी जवळून पाहिले. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीला हे कळायला बराच उशीर झाला, पण कळले.

तोटा कोणाच्या बोडक्यावर?

आता हिशेबाकडे वळू. गावचे मंडळ वड्याला जाऊन नाटक ठरवते. ठरलेली रक्कम कंपनीला द्यायची, इसार आधी मोजायचा. शामियाना, माईक, वीज, जाहिरात गावाकडे. तिकीट विकून जे येईल ते गावाचे. नफा झाला तर देवळाला, शाळेला लागतो. तोटा झाला तर?

समजायला सोपे म्हणून आकडे धरू. करार ६०,००० रुपयांचा, वरचा खर्च २५,०००. एकूण ८५,०००. तिकीट १०० रुपये धरले तर ८५० तिकिटे खपली की मंडळ बरोबरीत. आता त्या रात्री ढग आले, पाऊस पडला आणि ३०० माणसेच आली. जमा ३०,०००, तोटा ५५,०००. मंडळात ११ पोरे असली तर प्रत्येकाच्या वाट्याला ५,००० रुपये. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. म्हणजे दोन क्विंटलांवर धान एका रात्रीत गेले. आणि जो पाऊस नाटक बुडवतो, तोच बांधीतल्या कडपाही भिजवतो आणि पुंजण्यातल्या धानाला कोंब आणतो. एकाच पावसाने त्याच घराला दोनदा मारले.

इसार द्यायची वेळ कोणती, तेही पाहा. धान अजून उभे असते किंवा नुकतेच कापलेले. खरेदी केंद्र उघडलेले नसते, उघडले तरी चुकारा हातात पडायला आठवडे जातात. मग इसाराचा पैसा येतो कोठून? गावातल्या सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून, येणाऱ्या धानाच्या भरवशावर. पोरांना वाटते आपण नाटक ठरवले. खरे पाहता त्यांनी धान पडत्या भावात आधीच बांधून दिलेले असते.

कंपन्यांना आम्ही शिव्या देत नाही. त्यांचाही खर्च आहे, नटांना रोजच्या रोज नाइट मोजावी लागते, गाडीभाडे आहे. पण सौदा दोघांचा असेल तर जोखीमही दोघांची असली पाहिजे. पावसाने प्रयोग झाला नाही तर काय, इसार परत की पुढची तारीख, हे कागदावर लिहिलेले असले पाहिजे. तोंडी बोलीवर शेतकरी आजवर कुठल्या बाजारात जिंकला आहे?

शंकरपटाचेच घ्या. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. मधली वर्षे पटाच्या गर्दीवर ज्यांचे नाटक चालायचे त्या गावांना भोवली. निर्णय दिल्लीत झाला, तोटा गावच्या मंडळाने भरला. एकाच खांबावर छप्पर ठेवले की असे होते.

गावची पोरे मंचावरून कुठे गेली?

पैशाचा तोटा भरून काढता येतो. दुसरा तोटा आम्हाला जास्त खुपतो. पूर्वी नाटक म्हणजे गावच्या पोरांचे नाटक. गणपतीपासून तालमी. गुरुजी दिग्दर्शक, सुताराने मंचाचे लाकूड सांभाळायचे, शिंप्याने अंगरखे शिवायचे, आणि पाटलाच्या पोराला शिपायाचे काम मिळाले तरी त्याने गुमान करायचे. दंडारीत तर बाईचे काम मिशा काढलेला गडीच करायचा आणि गाव त्याला वर्षभर त्याच नावाने हाक मारायचे. त्या तालमींत पोर चारचौघांत उभे राहून बोलायला शिकायचे. आपल्या सभांतून आज जे ज्येष्ठ कार्यकर्ते खणखणीत बोलतात, त्यांना विचारा पहिले भाषण कुठे केले. बरेचसे नाटकाच्या मंचाचेच नाव घेतील.

आता फलकावर पुण्या-मुंबईच्या सिनेकलाकाराचा फोटो मोठा आणि गावचे मंडळ खाली बारीक अक्षरात. गावची पोरे तिकिटे फाडतात, खुर्च्या लावतात. कोणी म्हणेल, लोकांना चांगले नाटक हवे, पोरांचे अडखळणे कोण पाहील? आम्ही म्हणतो, कंपनीचे नाटक जरूर आणा. नुसते चार दिवसांच्या मंडईत एक रात्र, तीही जमत नसेल तर मुख्य नाटकाआधीचा दीड तास, गावाच्या स्वतःच्या कामाला द्या. बियाणे बाजारातून आणायला हरकत नाही. पण घरची कणगी पार रिकामी केली तर पुढच्या वर्षी दुकानदार सांगेल तो भाव.

एकाची नजर, सगळ्यांचे हात

मंडईत फक्त मंचावरची कलाच दाखवावी असे कुठे लिहिले आहे? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल ३ या धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या. शेजाऱ्यांनी बियाणे नेले, त्यांच्याकडून पाहुण्यांनी नेले, आणि त्या काळच्या घड्याळाचे नाव चिकटून ते एचएमटी झाले. पाहणारा एक, पसरवणारे हजार. २०१० साली फोर्ब्सच्या यादीत दादाजींचे नाव आले. पण त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि २०१८ साली ते वारले. त्यांच्या तांदळावर व्यापार झाला, त्यांच्या घरी मात्र त्यातले फारसे पोहोचले नाही.

आम्ही शेतकी शिकलेली माणसे. आम्हाला वाण निवडण्याची पद्धत पुस्तकातून शिकवली. दादाजींनी ती बांधावर उभे राहून केली. याला कला म्हणायचे नाही तर कशाला? असे एकट्याने काम करणारे प्रत्येक गावात आहेत. कोणी बांबूचे सूप-टोपली अशी विणतो की पाणी गळू नये, कोणी भिंतीवर चित्रे काढते, कोणी जुन्या दंडारीची गाणी वहीत उतरवून ठेवली आहेत, कोणी चिखलणीचे अवजार स्वतःच्या हिशेबाने बदलले आहे. मंडईच्या दिवशी पाळणे आणि प्लास्टिकच्या खेळण्यांच्या रांगेशेजारी यांची एक रांग लागू शकत नाही काय? आणि प्रत्येकाच्या कामापुढे त्याचे नाव मोठ्या अक्षरात लिहा. नाव राहिले नाही की माल दुसऱ्याचा होतो.

मायबहिणींचे काय?

रोवणीच्या वेळी चिखलात वाकून बाया जी गाणी म्हणतात, ती कधी मंचावर ऐकलीत? रोवणीला यंत्र येऊ लागले, निंदणीला औषध आले. कंबरेचा ताप कमी झाला, ते चांगलेच. पण बाया रांगेने उभ्या राहिल्या नाहीत की गाणे कोणाच्या तोंडून निघणार? ती गाणी कोणी बसवलेली नाहीत, एकीने ओळ घातली, दुसरीने उचलली. सगळ्यांनी मिळून केलेले काम याहून मोठे कोणते? तरी नाटकाच्या रात्री आपल्या घरच्या बाया फक्त प्रेक्षकांत.

आणि मंचावर ज्या बाया येतात, त्या कंपनीच्या नटी, रोज रात्री नव्या गावी, पहाटे गाडीत झोपणाऱ्या. त्यांना कपडे बदलायला आडोसा, प्रयोगानंतर सुरक्षित मुक्काम, एवढे देणे गावाची जबाबदारी आहे. पाहुणी म्हणून बोलावले आणि शिट्ट्या मारल्या, याने गावाचीच अब्रू जाते.

बैठकीपुढे चार गोष्टी

एक. प्रत्येक मंडळाने कंपनीशी करार लेखी करावा. पाऊस, वीज, नट न येणे, या तिन्हींची कलमे त्यात असावीत. कराराचा एक साधा नमुना तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी बसून तयार करावा.

दोन. मंडईनंतर आठ दिवसांत जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. जो गट सरकारकडे हिशेब मागतो, त्याने आपला हिशेब आधी उघडा ठेवावा. एका तालुक्यातल्या मंडळांनी नफ्यातला थोडा भाग एकत्र ठेवला तर पावसात बुडालेल्या गावाला आधार होईल आणि इसारासाठी व्यापाऱ्याचे दार ठोठावे लागणार नाही.

तीन. गावच्या पोरांना, पोरींना आणि बायांना मंचाचा ठरलेला वेळ द्यावा. तिकीट न लावता.

चार. गावाची एक वही असावी. कोणत्या साली कोणते नाटक झाले, लिहिले कोणी, पेटी कोणी वाजवली, दंडारीचा म्होरक्या कोण, कोणते बियाणे कोणी राखले, सारे त्यात नावानिशी उतरवावे.

यातले एकही काम कोणाच्या मंजुरीवाचून अडत नाही. राहिला प्रश्न सभेला माणूस न येण्याचा. जिथे हजार माणूस आपणहून बसला आहे, तिथे आपण तालमीला, हिशेबाला, शामियाना बांधायला हजर असलो, तर वेगळी सभा भरवण्याची यातायात निम्मी होईल. येत्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या मंडयांच्या तारखा आणि मागच्या हंगामाचा जमाखर्च बरोबर आणावा. चर्चा त्यावरूनच सुरू करू.