गुलदस्त्यांची समिती

काही वर्षांपूर्वी अल्पसंख्याकांसाठीच्या एका सरकारी समितीच्या बैठकीला मला ‘निमंत्रित’ म्हणून बोलावणे आले. निर्मळहून रिक्षा, पुढे गाडी, असे करत वेळेवर पोहोचलो. बैठक अकराची होती, सुरू झाली साडेबाराला. पहिली वीस मिनिटे गुलदस्ते देण्याघेण्यात आणि फोटोत गेली. मग शिष्यवृत्तीचे अर्ज, कब्रस्तानची भिंत, शादीखान्याचा निधी. माझी पाळी आली तेव्हा मी आरोग्याचा विषय काढला. सोपाऱ्यात माझे आजोळ आहे. तिथल्या बायका सोनोग्राफीच्या तारखा का टाळतात, हे मी चार घरी विचारून लिहून नेले होते. अधिकारी सौजन्याने म्हणाले, “हा विषय आमच्या कक्षेत येत नाही. आरोग्य खात्याकडे अर्ज करा.” शेजारी बसलेले आपल्यातलेच एक सदस्य माझ्या कानाशी लागले, “भाईजान, जेवणानंतर साहेबांशी खाजगीत बोलू या.”

जेवण झाले. बोलणे झाले नाही.

मला राग आला तो अधिकाऱ्याचा नाही. तो खरे तेच सांगत होता. जून 2006 मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधानांचा नवा 15 कलमी कार्यक्रम जाहीर केला, त्यावर देखरेखीसाठी राज्यात मुख्य सचिवांच्या आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या ठरल्या. त्या 15 कलमांत शाळा आहे, उर्दू आहे, मदरसा आहे, कर्ज, नोकरी, घरकुल, झोपडपट्टी, दंगलीनंतरचे पुनर्वसन आहे. अंगणवाडीचे एक कलम आहे, आणि आरोग्याच्या नावाने तेव्हा तेवढेच होते. टीबीने खोकणारा भिवंडीचा यंत्रमाग कामगार तेव्हा या पंधरांपैकी कोणत्याही खान्यात बसत नव्हता. ही कलमे आल्यावर आपण सर्वांनी स्वागताचे ठराव केले. सोळावे कलम का नाही, हा प्रश्न आपल्या किती संस्थांनी विचारला?

पुढचेही तसेच. राज्याने 2008 मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. शिक्षण, रोजगार, राहणीमान यांच्यासोबत आरोग्याचीही चर्चा त्यात होती. पण आपल्याकडे त्या अहवालाचे एकच पान वाचले गेले, आरक्षणाचे. 2014 मध्ये पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो राहू दिला, मग तो सरकार बदलल्यावर विरून गेला. त्या गदारोळात दवाखान्याची पाने तशीच मिटलेली राहिली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक माणसांकडूनही येतो. आजाराला धर्म असतो का? मलेरियाचा डास नाव विचारून चावतो का? मग अल्पसंख्याकांच्या आरोग्यासाठी वेगळी समिती, वेगळा सल्ला कशाला? मी म्हणतो, आजाराला धर्म नसतो, पण पत्त्याला असतो. कोणत्या वस्तीत गटार येते, कोणत्या वस्तीत दवाखाना येतो, कोणत्या नावाची बाई केसपेपरच्या खिडकीवर दोनदा हाकलली जाते, हे डास ठरवत नाही. स्त्री डॉक्टर नाही म्हणून तपासणी टाळणारी बाई फक्त मोहल्ल्यातच असते असेही नाही. माझ्या शेजारच्या बाया काय वेगळे सांगतात? तिच्या अंगावर बुरखा असला की मात्र दोष डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीचा न राहता बुरख्याचा होतो. आम्हाला वेगळे इस्पितळ नको. आहे त्या इस्पितळाने उत्तर द्यावे एवढेच मागणे आहे.

उत्तर देणारी व्यवस्था नसली की काय होते, ते 30 मार्च 2020 रोजी दिसले. कोरोनाने मृत्यू झाल्यास, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक मुंबई महापालिकेने काढले. तत्कालीन अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी हस्तक्षेप केला आणि त्याच दिवशी ते बदलले. आपण सुटकेचा निःश्वास टाकला, शुक्रिया अदा केला आणि विषय संपवला. पण परिपत्रक लिहिताना साथरोगाचा जाणकार आणि दफनविधीचा जाणकार यांना एका टेबलावर बसवणारे कोणी नव्हते, ही गोष्ट तशीच राहिली. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानातील दफनाला आक्षेप घेणारी याचिका उच्च न्यायालयात गेली, ती मे 2020 मध्ये फेटाळली गेली. एका मय्यतीच्या मातीसाठी मंत्र्याचा फोन आणि न्यायमूर्तींचा निकाल लागावा? आणि ज्या दिवशी त्या खुर्चीत फोन करणारा मंत्री नसेल त्या दिवशी काय?

2022 मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली, लेकरे दगावली. मग पालिकेला मौलाना आठवले. मशिदींतून लसीचे आवाहन करा म्हणाले, आणि त्यांनी केलेही. चांगलेच झाले. पण लेकरू दगावल्यावरच आपल्या दारात यायचे, ही कसली सल्लामसलत? आणि प्रत्येक वेळी मौलानाच का? ज्या परिचारिकेच्या पिशवीत लस असते, जी आशाताई त्या गल्लीत रोज फिरते, तिला आधी कोणी विचारले असते तर तिने सांगितले असते की कोणती आई कामावर जाते म्हणून दुपारी घरी नसते, कोणते कुटुंब भाड्याचे घर बदलून गेले आणि यादीतून गळाले. सगळ्याच आया फतव्याला घाबरून घरी बसलेल्या नसतात. पुष्कळ जणींना दिवसाची मजुरी बुडते याची धास्ती असते.

आता थोडे आपल्या घरातले. अशा समित्यांवर जाण्यासाठी आपल्यात जी धावपळ चालते ती मी पाहिली आहे. लेटरहेड छापले जाते, मोहल्ल्यात बॅनर लागतो, जमातीत सत्कार होतो. वर्षातून एक मेडिकल कॅम्प, त्यात रक्तदाब मोजायचा, चष्मे वाटायचे, फोटो काढायचे. एकदा मी अशाच एका सदस्याला विचारले, मागच्या बैठकीत काय ठरले? ते म्हणाले, माहोल चांगला होता. सल्लागारपद हा मान आहे असे आपण समजलो. ते काम आहे हे सरकारने सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. रडगाण्याची सवय ही आणखी एक अडचण. सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले होते की बालमृत्यूच्या बाबतीत मुस्लिमांची स्थिती सरासरीपेक्षा वाईट नाही, उलट काहीशी बरी आहे. अडचण सोयींची आहे, मुस्लिम वस्तीच्या गावांत त्या कमी पडतात. हा फरक आपले वक्ते कधी सांगत नाहीत, कारण त्यासाठी अहवाल वाचावा लागतो. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात धर्मवार आकडे मिळतात ते राज्याचे, वॉर्डाचे नव्हे. वॉर्डाचा आकडा मागणे हे समितीचे पहिले काम असायला हवे होते.

बदल काय हवा, तर फार क्रांतिकारक नाही. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या 1992 च्या कायद्यात एक साधी तरतूद आहे. आयोगाच्या शिफारशी सभागृहापुढे ठेवायच्या, सोबत काय कारवाई केली ते सांगायचे आणि शिफारस नाकारली असेल तर तिची कारणे द्यायची. कारणे! बस, एवढा एक शब्द आरोग्याच्या बाबतीत राज्याच्या आणि जिल्ह्याच्या समितीला लावा. सल्ला मानू नका, पण का मानला नाही ते ठराविक दिवसांत लिहून द्या. दुसरे, इतिवृत्त जाहीर करा. तिसरे, निम्म्या जागा परिचारिका, आशा, सुईण आणि बाळंतपण झालेल्या बायकांना द्या. बैठक कलेक्टर कचेरीत न घेता दवाखान्याच्या आवारात घ्या.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, तर आपल्याच अविभाजित ठाणे जिल्ह्याकडे बघा. 2007 पासून ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. गावकरी आरोग्य केंद्राला लाल, पिवळा, हिरवा रंग देत आणि जनसुनवाईत डॉक्टरला सर्वांसमोर जाब विचारत. आदिवासी बाई हे करू शकते, तर सोपाऱ्याची माझी मावशी का करू शकत नाही? आमचा भाग 2009 मध्ये महापालिकेत गेला. नगरसेवक मिळाले, जाब विचारण्याची ती चावडी मात्र मिळाली नाही.

आणि अल्पसंख्याक म्हणजे आपणच नव्हे. मी राहतो त्या निर्मळमध्ये एकीकडे शंकराचार्यांचे मंदिर आणि तळे, दुसरीकडे होली क्रॉस चर्च. इथल्या ख्रिस्ती घरांत म्हातारी माणसे एकटी, मुले परदेशी, त्यांचे दुखणे वेगळे. पारशांची संख्या घटते म्हणून केंद्राने 2013 मध्ये ‘जियो पारसी’ योजना आणली, त्यात अपत्यप्राप्तीच्या उपचाराचा खर्च मिळतो. मला तिचा हेवा नाही, मला तिचा धडा हवा. त्या समाजाने गुलदस्ता न देता आकडा दिला होता.

परवा पुन्हा निमंत्रण आले आहे. जाणार आहे. या वेळी मावशीलाही नेतो आहे. तिने एकच प्रश्न पाठ केला आहे: “साहेब, मागच्या बैठकीचे कागद कुठे आहेत?”