उद्दिष्टपूर्तीचे पारितोषिक

संयुक्त राष्ट्रांचे पहिले लोकसंख्या पारितोषिक १९८३ साली विभागून दिले गेले : इंदिरा गांधी आणि चीनच्या कुटुंबनियोजन आयोगाचे प्रमुख छ्येन शिन्चुंग यांना. चीनमध्ये तेव्हा सक्तीच्या शस्त्रक्रियांची मोहीम ऐन भरात होती, आणि आपल्याकडची सक्ती संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. १९७६-७७ या एका वर्षात भारतात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक बँकेचे अध्यक्ष मॅक्नमारा दिल्लीत येऊन सरकारच्या निर्धाराचे कौतुक करून गेले.

एवढे ऐकले की आमचे काही व्यवसायबंधू लगेच म्हणतात : बघा, संततिनियमन हे मुळात परक्यांचे कारस्थान! मराठी शिकवणाऱ्यांना र. धों. कर्वे आठवू नयेत, याची आम्हांला लाज वाटते. १९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा पाठीशी ना सरकार होते, ना परदेशी देणगी. प्राध्यापकी गेली, 'समाजस्वास्थ्य'वर खटले झाले. लोकसंख्येचा विचार त्यांनीही केला. पण केंद्रस्थानी होते बाईचे आरोग्य, तिची इच्छा आणि (हे उच्चारायला आजही आपली जीभ अडखळते) तिचे सुख.

१९५२ मध्ये 'इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन'ची स्थापना झाली तीही मुंबईतच, कर्वे हयात असताना. मात्र पुढच्या दोन दशकांत परदेशातून जो पैसा आला, तो बाईची इच्छा विचारायला आला नव्हता. त्याला आकडे हवे होते. आमचा आक्षेप पैशाला नाही, त्या हिशेबाला आहे. आणि तो हिशेब आपल्या राज्यकर्त्यांनी आनंदाने मांडला, हे कारस्थानवाद्यांनी विसरू नये.

१९९४ च्या कैरो परिषदेत भाषा बदलली, १९९६ मध्ये भारताने उद्दिष्टे कागदोपत्री रद्द केली. तरी नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनी तेरा जणींचा बळी घेतला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रिया सुमारे ३८ टक्के निघाल्या. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के आहे.