मूल घरी ठेवा, असे सांगणाऱ्यांस

आपल्या समाजात सल्ला फुकट मिळतो आणि तो बहुधा रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणातच मिळतो. स्वमग्न मूल पदरी असलेल्या आईबापांच्या वाट्याला येणारा सल्ला तर ठरलेला आहे. "कशाला त्याला हिंडवता? त्यालाही त्रास आणि तुम्हालाही. आजीजवळ ठेवा आणि तुम्ही निवांत जाऊन या." बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो, म्हणूनच त्यांना उत्तर देणे जड जाते. तरीही ते एकदा जाहीरपणे द्यावे, असे आम्हा उभयतांना वाटते.

प्रथम त्या शब्दाविषयी. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि 'ऑटिझम' हे नाव या अवस्थेला चिकटले. 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते आले, आणि त्यावरून मराठीने 'स्वमग्न' घडविला. शब्द देखणा आहे. पण आमच्या मुलाला तो लागू पडत नाही. आमचा सहा वर्षांचा मुलगा स्वतःत मग्न नसून आगगाडीत मग्न आहे. विरारपासून चर्चगेटपर्यंतची स्थानके तो सुलट म्हणतो तशीच उलटही म्हणतो. येणारी गाडी बारा डब्यांची की पंधरा डब्यांची, हे तो ती थांबण्यापूर्वी सांगतो. नायगाव मागे पडून गाडी खाडीच्या पुलावर चढली की चाकांचा आवाज पालटतो, पाणजू बेटाची जमीन लागली की पुन्हा पालटतो, आणि दुसऱ्या पुलावर पहिला आवाज परत येतो. रोज त्याच मार्गाने नोकरीला जाणाऱ्या किती वसईकरांना हे ठाऊक आहे? मग्न कोण आणि बेफिकीर कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

(याउलट काहीजण त्याला 'देवाचे खास लेकरू' म्हणून डोक्यावर घेतात आणि पुढे कोणी मोठा शास्त्रज्ञ होईल असे भाकीत करतात. तेही नको. त्याला अजून चपलेचा पट्टा लावता येत नाही.)

गाडीच का, असे विचारले जाते. गाडी रुळावरून जाते. लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी कोठूनही येऊन गाल ओढीत नाही. स्थानकांचा क्रम बदलत नाही, घोषणा त्याच ठराविक शब्दांत होते. ज्याला जग हा सारा गोंगाट वाटतो, त्याला हा नेमच आधार देतो. कर्णा कर्कश वाजला की तो कान झाकून ओरडतो, हे खरे. म्हणून कानांवर लावायचे जाड आवरण आमच्या पिशवीत नेहमी असते. रविवारी जम्बो ब्लॉक असला की सारा नेम कोलमडतो; म्हणून शनिवारच्या वर्तमानपत्रात आम्ही आधी रेल्वेची बातमी पाहतो, मग बाकीच्या.

तो ओरडला की डब्यातून हमखास एक आवाज येतो: "शिस्त लावा जरा." या वाक्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्य देशांतील नामवंत तज्ज्ञ या मुलांच्या अवस्थेचा दोष आयांच्या थंड मनावर टाकीत असत. स्वतः अशाच मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली पुस्तक लिहून तो आरोप खोडून काढला. साठ वर्षांपूर्वी मोडीत निघालेली समजूत आपल्या लोकलच्या डब्यात अजून पासधारक आहे!

आता सहलीविषयी. एका सहलीच्या आयोजकांनी आम्हांला सुचविले की, थोरल्या मुलीला पाठवा. धाकट्यासाठी 'अशा मुलांची' निराळी सहल असते, तीत त्याला न्या. नऊ वर्षांच्या मुलीने यातून काय शिकावे? भाऊ ही झाकून ठेवण्याची वस्तू आहे, हेच ना? आम्ही दोघांनाही पाठविले नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात या मुलांचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्याने ते नाव अपंगत्वाच्या यादीत स्पष्टपणे घातले. पोप फ्रान्सिस यांनी २२ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये या कुटुंबांच्या एकटेपणाविषयी आणि त्यांच्यावर लागणाऱ्या कलंकाविषयी सांगितले. दिल्लीला कळले, रोमला कळले. बसच्या बाकावर मात्र जागा होत नाही.

एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे: एका मुलापायी इतरांची सहल का बिघडावी? पण सहल म्हणजे काय, हे आधी ठरवू. आम्ही दादरला गाडी बदलून नेरळला गेलो आणि १९०७ पासूनच्या त्या दोन फुटी रुळांवरून माथेरानला चढलो. वर पोचल्यावर एकही पॉइंट पाहिला नाही. स्थानकावर बसून इंजिन डब्यांना जोडताना पाहिले, डबा खाल्ला आणि उतरलो. नातलगांना हा पैशांचा अपव्यय वाटला. मुलगी मात्र म्हणाली, की इंजिन कसे जोडतात ते तिच्या वर्गात कोणालाच माहीत नाही.

सहानुभूती आम्ही मागत नाही. मागणे इतकेच की, तो ओरडला तर वळून पाहू नये, आणि पाहिलेच तर आमच्याकडे न पाहता त्याला पुढचे स्थानक कोणते ते विचारावे. तो ओरडणे थांबवून उत्तर देतो. आणि पुढील सहल बसऐवजी लोकलने काढण्याचा विचार आयोजकांनी करावा. बाकीची मुलेही खिडकीसाठी भांडतील, पण ती बसमध्येही भांडतातच.